अतिसंवाहक ‘सापडला’ तेव्हा: तालुक्याच्या गावातील एका विज्ञान फलकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या ओट्यावर एक काळा फलक आहे. गावातले विज्ञान मंडळ दर शनिवारी त्यावर विज्ञान-तंत्रज्ञानातील एखादी ताजी घडामोड खडूने लिहिते, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात एका विषयावर व्याख्यान होते. सभासद बहुतेक शिक्षक असले, तरी त्यांत पशुवैद्यकीय दवाखान्यातील एक पर्यवेक्षक आणि महावितरणचे एक वायरमनही आहेत, आणि या प्रकरणात त्या दोघांचा वाटा आम्हा शिक्षकांपेक्षा कमी नाही. हे टिपण लिहिणारा कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि त्या वेळी मंडळाचा चिटणीस होता. गावाचे व व्यक्तींचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

या फलकासमोर एसटी स्थानकाकडे जाणारे प्रवासी थांबतात, आठवडी बाजाराला आलेले शेतकरी थांबतात आणि शाळा सुटल्यावर मुले थांबतात. यांतल्या पुष्कळांच्या वाचनात विज्ञानाची दुसरी मराठी ओळ आठवडाभर येत नाही, त्यामुळे फलकावरच्या प्रत्येक शब्दावर त्यांचा विश्वास असतो. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढे झालेल्या चुकीचे वजन कळणार नाही.

विषय होता अतिसंवाहकतेचा. तांब्याच्या तारेतून वीज वाहताना तिचा काही भाग तार तापवण्यात खर्च होतो, कारण तारेला विद्युतरोध असतो. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओन्स यांना असे आढळले की, पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला असता त्याचा रोध एकाएकी नाहीसा होतो. १९३३ मध्ये माइसनर आणि ऑक्सनफेल्ड यांनी दुसरे लक्षण दाखवले: अतिसंवाहक झालेला पदार्थ आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. रोध शून्य होणे आणि क्षेत्र बाहेर ढकलले जाणे ही दोन्ही लक्षणे मिळाल्याखेरीज कोणत्याही पदार्थाला अतिसंवाहक म्हणता येत नाही. १९८६ मध्ये झुरिकच्या प्रयोगशाळेत बेडनोर्ट्‌स आणि म्यूलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांचे नवे कुळ सापडले, आणि पुढच्याच वर्षी त्या कुळातला यट्रियम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांचा पदार्थ उणे १८० अंशांच्या आसपास अतिसंवाहक होतो असे दिसले. द्रवनत्र उणे १९६ अंशांना उकळते. म्हणजे महागड्या द्रव हेलियमऐवजी स्वस्त द्रवनत्राने काम भागू लागले. मात्र खोलीच्या तापमानाला आणि साध्या दाबाला अतिसंवाहक राहणारा पदार्थ आजवर मिळालेला नाही, आणि तो मिळाल्याचे दावे अनेकदा झाले आहेत. ‘नेचर’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेला असा एक शोधनिबंध, प्रचंड दाबाखालच्या पदार्थाविषयीचा, २०२२ मध्ये मागे घेतला गेला होता.

प्रश्न कसा उभा राहिला

२२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातील एका गटाने दोन प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांकडून परीक्षण होण्यापूर्वी जाहीर केलेले निबंध, इंटरनेटवर ठेवले. शिसे, फॉस्फेट आणि ऑक्सिजन यांच्या ॲपेटाइट जातीच्या पदार्थात थोडे तांबे घातले की साध्या दाबाला १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिसंवाहकता टिकते, असा त्यांचा दावा होता. पदार्थाचे नाव एलके-९९. ली व किम या दोन संशोधकांची आद्याक्षरे आणि १९९९ हे वर्ष मिळून ते झाले आहे. कृती कोणालाही करून पाहता येईल इतकी साधी होती: लॅनार्काइट हे शिशाचे संयुग आणि कॉपर फॉस्फाइड यांची पूड हवा काढलेल्या बंद नळीत ९२५ अंशांना तापवायची. सोबत चुंबकावर एका बाजूने उचलला गेलेल्या काळ्या तुकड्याची चित्रफीतही होती. ती चित्रफीत आठवड्याच्या आत जगभर पोहोचली आणि आमच्या गावातही आली.

२९ जुलैच्या शनिवारी फलक लिहिण्याची पाळी एका तरुण सभासदाची होती. त्याने ठळक अक्षरांत लिहिले: ‘खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक सापडला! विजेची गळती आता शून्यावर.’ खाली पाच ओळींत एलके-९९ची माहिती होती आणि ती बहुतांशी बरोबर होती. लिहिण्यापूर्वी त्याने मला दूरध्वनीवर मजकूर वाचून दाखवला होता व मी होकार दिला होता. त्यामुळे ही चूक एकट्या त्याची नाही.

चूक एका क्रियापदात होती. बोलताना आपण ऐकीव गोष्टीला सहज ‘म्हणे’ जोडतो. ‘धरण भरलं म्हणे’ म्हणताना, मी स्वतः पाहिलेले नाही, हे त्या दोन अक्षरांत ऐकणाऱ्याला कळते. लेखी मराठीत, विशेषतः बातमीच्या मथळ्यात, हे ‘म्हणे’ गळून पडते आणि त्याची जागा घेणारा ‘असा दावा आहे’ हा शब्दप्रयोग लांबतो म्हणून तोही गाळला जातो. मग ‘सापडला’ एवढेच उरते. आमच्या फलकावर नेमके तसेच झाले.

सोमवारपर्यंत फलकाचे छायाचित्र गावातल्या बहुतेक व्हॉट्सॲप गटांत फिरले होते आणि एका स्थानिक दैनिकाच्या वार्ताहराने मंडळाचा हवाला देऊन छोटी बातमीही दिली होती. ‘आता डीपी जळायचा नाही ना?’ असे विचारायला दोन शेतकरी वाचनालयात आले. रात्री मिळणाऱ्या विजेवर पंप चालवणाऱ्या माणसाने असा प्रश्न विचारणे अगदी स्वाभाविक आहे, आणि आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

त्याच दिवशी, ३१ जुलैला, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील गटाने आपला प्रीप्रिंट जाहीर केला. त्यांनी त्याच कृतीने पदार्थ तयार केला होता. तो त्यांच्याकडे चुंबकावर तरंगला नाही आणि अतिसंवाहकतेचे लक्षणही त्यांना मिळाले नाही. दुसरीकडे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून एक सैद्धांतिक गणित प्रसिद्ध झाले. अशा संरचनेत अतिसंवाहकतेला पोषक ठरू शकणारे इलेक्ट्रॉनांचे चपटे ऊर्जापट्टे दिसतात, एवढेच ते सांगत होते, पण अनेक ठिकाणी ते दाव्याला मिळालेला दुजोरा म्हणून वाचले गेले.

समोरचे पर्याय

१ ऑगस्टच्या संध्याकाळी कार्यकारिणी बसली. पहिला प्रश्न फलकाचा होता. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे होते की मजकूर पुसून टाकावा आणि विषय संपवावा. फलक लिहिणाऱ्या तरुणाचे म्हणणे उलट होते: पुसू नये, त्याच्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहावी. मला आज त्याचेच मत योग्य वाटते, परंतु त्या दिवशी मी ज्येष्ठांच्या बाजूने मत दिले आणि फलक पुसला गेला. आपली चूक गावाच्या डोळ्यांसमोर आणखी आठवडाभर राहू नये ही त्यामागची भावना होती. वाचकाचा विचार त्यात नव्हता.

दुसरा प्रश्न १२ ऑगस्टच्या व्याख्यानाचा होता आणि त्यावर बराच वेळ गेला. चांद्रयान-३ १४ जुलैला निघाले होते आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात ते चंद्रावर उतरणार होते. व्याख्यान त्यावरच ठरलेले होते. ते तसेच ठेवावे, सभागृह भरेल आणि एलके-९९ लोक विसरतील, हा एक पर्याय होता. दुसरा पर्याय, अतिसंवाहकतेवर सर्वसाधारण व्याख्यान द्यावे, पण जो निकाल लागलेला नाही त्यावर बोलू नये, असा होता. शास्त्राच्या दृष्टीने तो सर्वांत सुरक्षित होता. तिसरा पर्याय वायरमन सभासदांनी मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, लोकांना ज्या गोष्टीविषयी विचारायचे आहे तीच सोडून बाकीचे सगळे सांगितले, तर ते आपल्याकडे का येतील? निकाल लागलेला नसला तरी तो कसा लागतो हे सांगा.

या तिसऱ्या पर्यायात खरा धोका होता. ज्या दिवशी बोलायचे त्या दिवशीची माहिती दुसऱ्या दिवशी शिळी होऊ शकत होती, आणि मंडळ एकदा तोंडघशी पडलेच होते. तरीही शेवटी तोच निवडला गेला. चांद्रयानावर त्या महिन्यात प्रत्येक वाहिनी बोलणार होती. एलके-९९विषयी आमच्या गावात चुकीची गोष्ट आम्हीच पसरवली होती आणि ती निस्तरणे आमच्याकडेच होते.

काय केले

व्याख्यानात प्रत्यक्ष प्रयोग दाखवायचे ठरले. यट्रियमच्या पदार्थाची लहान चकती आणि पायरोलिटिक ग्राफाइटचा एक पातळ तुकडा विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातून उसना मिळाला. अडचण द्रवनत्राची होती. ती पशुवैद्यकीय दवाखान्यातील सभासदांनी सोडवली. कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या रेतमात्रा द्रवनत्राच्या पात्रात ठेवतात, हे गावातल्या प्रत्येक गोपालकाला माहीत असते. आम्हा शिक्षकांच्या मात्र ते लक्षात आले नव्हते. दवाखान्याचा साठा न वापरता, त्यांच्याच ओळखीने पुरवठादाराकडून वेगळे द्रवनत्र विकत घेतले गेले. हाताळणीची जबाबदारीही त्यांनीच घेतली: खिडक्या उघड्या ठेवल्या, पात्राचे तोंड घट्ट बंद केले नाही आणि मुलांना टेबलापासून दूर बसवले.

मधल्या दहा दिवसांत जगभरातून निकाल येत होते आणि आम्ही त्यांची टाचणे ठेवत होतो. मूळ निबंधातील आलेखात १०४.८ अंश सेल्सिअसला रोध एकदम सुमारे दहा पटींनी घटलेला दिसत होता. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना हा आकडा ओळखीचा वाटला, कारण कॉपर सल्फाइड त्याच तापमानाला आपली अंतर्रचना बदलते आणि त्या वेळी त्याचा रोधही असाच बदलतो. एलके-९९ बनवताना कॉपर सल्फाइड मळासारखे मागे राहते, कारण लॅनार्काइटमध्ये गंधक असते. बीजिंगमधील एका गटाने ते मोजून दाखवले. दुसऱ्या एका चिनी गटाला असे आढळले की, चुंबकावर अर्धवट उचलला जाणारा तुकडा साध्या लोहचुंबकत्वानेही तसा उभा राहू शकतो. आणि मूळ आलेखातील घसरणीनंतरचा रोध तांब्याच्या रोधापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होता. हा शेवटचा मुद्दा बारावीच्या विद्यार्थ्यालाही तपासता आला असता, आणि २९ जुलैला आम्ही तो तपासला नव्हता, याची मला सर्वांत जास्त खंत आहे.

१२ ऑगस्टला सभागृह भरले. सुरुवातीलाच चुकीच्या फलकाचे छायाचित्र पडद्यावर दाखवून, हे आम्ही लिहिले होते आणि ते चूक होते, असे सांगितले. त्यानंतर थर्माकोलच्या खोक्यात द्रवनत्र ओतून चकती थंड केली आणि तिच्यावर ठेवलेला लहान चुंबक अधांतरी राहिला. पुढे ग्राफाइटचा तुकडा चार चुंबकांच्या चौकडीवर, कोणत्याही थंडाव्याशिवाय, केसभर वर तरंगताना दाखवला. ग्राफाइट अतिसंवाहक नाही, तो प्रतिचुंबकी आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रापासून किंचित दूर ढकलला जाणारा. शेवटी पत्र्याचा एक बारीक कपचा चुंबकावर एका कडेवर तिरपा उभा करून दाखवला. चित्रफितीतला एलके-९९चा तुकडा याच्यासारखा दिसतो की पहिल्यासारखा, असा प्रश्न प्रेक्षकांना विचारला.

त्या दिवशीचा निष्कर्ष आम्ही असा मांडला: एलके-९९ बहुधा अतिसंवाहक नाही, पण हे ‘बहुधा’ तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर काढून टाकता येईल. रोध खरोखर शून्य आहे का? पदार्थ चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो का? आणि इतरांनी शुद्ध स्वरूपात बनवल्यावर हेच दिसते का? हे तीन प्रश्न दुसऱ्या दिवशी फलकावर लिहिले, प्रत्येकासमोर रिकामी जागा सोडली आणि उत्तर येईल तसे तारखेसह भरायचे ठरवले.

काय झाले

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच आठवड्यात आले. जर्मनीतील श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत गंधकाचा संबंध येऊ न देता, वेगळ्या पद्धतीने एलके-९९चे शुद्ध स्फटिक वाढवले गेले. ते पारदर्शक व जांभळे होते आणि त्यांचा रोध लाखो ओहममध्ये होता. म्हणजे शुद्ध पदार्थ अतिसंवाहक तर नाहीच, उलट निरोधक आहे. त्या उत्तरातच पहिल्या प्रश्नाचेही उत्तर होते. दुसऱ्या प्रश्नासमोरची जागा आम्ही तेव्हा घाईने भरली नाही. कोरियातील अतिसंवाहकता व नीचतापविज्ञान संस्थेने नेमलेल्या पडताळणी समितीने डिसेंबरमध्ये आपला अहवाल दिला: एलके-९९ खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक असल्याचा पुरावा नाही. तेव्हा ती जागा भरली. दरम्यानच्या महिन्यांत फलकावर इतर मजकूर बदलत राहिला, पण उजव्या कोपऱ्यातले ते तीन प्रश्न पुसले गेले नाहीत, आणि ‘दुसऱ्याचं काय झालं?’ असे विचारत थांबणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

व्याख्यानाचा परिणाम मात्र आम्हाला हवा होता तसा झाला नाही. पुढच्या सोमवारी वर्गातल्या एका मुलाने मित्राला सांगितलेले मी ऐकले की, वाचनालयात त्याने एलके-९९ हवेत तरंगताना पाहिले. आणखी चार-पाच जणांकडे चौकशी केल्यावर तसेच उत्तर आले. त्यांनी पाहिली होती यट्रियमची चकती. आम्ही तिचे नाव सांगितले होते, पण धूर सोडणाऱ्या खोक्यावर अधांतरी फिरणारा चुंबक पाहताना नाव कोणाच्या कानावर राहील?

प्रश्नोत्तरांत एक गोष्ट चांगली झाली. वायरमन सभासदांनीच उभे राहून विचारले की, समजा उद्या असा पदार्थ मिळाला, तर त्याची तार ओढता येईल का, आणि तुटली तर सांधा कसा द्यायचा? यट्रियमचा पदार्थ चिनी मातीसारखा ठिसूळ असतो. त्याच्यापासून वाकणारी पट्टी बनवायला १९८७ नंतर कित्येक वर्षांचे काम लागले. जर्मनीत एसेन शहरात सुमारे १ किलोमीटर लांबीची अतिसंवाहक वाहिनी २०१४ मध्ये वापरात आली, आणि तिलाही सतत द्रवनत्राने थंड ठेवावे लागत असे. शोध आणि शिवारातला खांब यांच्यामधले अंतर या एका प्रश्नाने जेवढे स्पष्ट झाले तेवढे माझ्या तासाभराच्या बोलण्याने झाले नव्हते. डीपीविषयी विचारणाऱ्या शेतकऱ्यालाही तिथेच उत्तर मिळाले. रोहित्र जळते ते मुख्यतः क्षमतेपेक्षा जास्त भार पडल्यामुळे आणि देखभालीअभावी, आणि त्यावरचा उपाय कोरियातल्या प्रयोगशाळेतून येणार नाही.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळे करता आले असते

पहिली जागा २९ जुलैचा दूरध्वनी. मजकूर ऐकताना मी माहिती तपासली, क्रियापद तपासले नाही. निबंध कुठे प्रसिद्ध झाला आहे, त्याचे परीक्षण झाले आहे का, दुसऱ्या कोणी पदार्थ बनवून पाहिला आहे का, हे तीन प्रश्न तेव्हाच विचारले असते तर ‘सापडला’ऐवजी ‘सापडल्याचा दावा’ लिहिले गेले असते. फलकावर एक शब्द वाढला असता, इतकेच.

दुसरी जागा फलक पुसण्याची. पुसल्यामुळे चुकीचे छायाचित्र फिरत राहिले आणि त्याच्याशी ताडून पाहायला फलकावर काही उरले नाही. दोघा-तिघांनी तर सरकारने ते पुसायला लावले का, असेही विचारले. मूळ मजकुरावर काट मारून खाली तारखेसह दुरुस्ती लिहिली असती, तर छायाचित्र काढणाऱ्यांनी कदाचित तेही काढले असते. वार्ताहराला आम्ही दुरुस्तीची विनंती लेखी दिली नाही, तोंडी सांगितले, आणि ती छापली गेली नाही. ही उणीव आमची होती.

तिसरी जागा प्रयोगांच्या क्रमाची. द्रवनत्र उडून जाईल या भीतीने चकती आधी दाखवली गेली. क्रम उलटा हवा होता: आधी पत्र्याचा कपचा, मग ग्राफाइट, आणि तरंगणे म्हणजे अतिसंवाहकता नव्हे हे मनात बसल्यावर शेवटी चकती, तीही समोर मोठ्या अक्षरांत नाव लिहून. द्रवनत्राचे पात्र ते तास-दोन तास सहज टिकवते, हे दवाखान्यातील सभासदांना माहीत होते. आम्ही त्यांना विचारले नाही.

व्याख्यान घ्यावे की न घ्यावे, ही चौथी जागा होती, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. निकाल लागेपर्यंत गप्प राहिलो असतो तर गावासाठी एलके-९९ची गोष्ट ‘सापडला’ इथेच थांबली असती. दिल्लीच्या प्रयोगशाळेने दहा दिवसांच्या आत पदार्थ बनवून पाहिला, एका रसायनशास्त्रज्ञाने एका आकड्यावरून मळ ओळखला, श्टुटगार्टमध्ये जांभळा स्फटिक वाढला. विज्ञान कसे चालते हे दाखवणारी इतकी उघड आणि वेगवान साखळी आमच्या मंडळाच्या वाट्याला पूर्वी कधी आली नव्हती, आणि ती चालू असतानाच लोकांना दाखवता आली.

परीक्षण न झालेल्या निबंधांविषयी फलकावर लिहावेच का, यावर मंडळात अजून एकमत नाही. ज्येष्ठ सभासदांच्या मते लिहू नये. त्या तरुण सभासदाच्या मते लिहावे, पण ‘दावा’ हा शब्द पहिल्या ओळीत आणि तीन रिकाम्या जागा शेवटच्या ओळीत असाव्यात. सध्या त्याची पद्धत पाळली जाते. जुने छायाचित्र अजूनही अधूनमधून कोणत्या ना कोणत्या गटात येते, आणि आम्ही भरलेल्या तीन उत्तरांच्या फलकाचे छायाचित्र त्याखाली पाठवतो.